लाइव्ह पोकर: चिप्स लावताना समोरच्याचा हात थरथरला तर काय समजायचं?

तिर्रीपंजी (प्रश्न)

मी बरीच वर्षं ऑनलाइन पोकर खेळलो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि तेव्हापासून जमेल तसा पणजीला जाऊन मांडवीतल्या बोटींवर खेळतो. ऑनलाइनला समोरच्याबद्दल दोनच गोष्टी कळायच्या: किती लावले आणि किती वेळ घेतला. इथं हाडामांसाची आठ माणसं समोर बसलेली असतात आणि त्यांच्यात नेमकं काय बघायचं हेच मला उमगत नाही. एक डाव सांगतो, त्यावरून बोलू.

१००-२००चं टेबल, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी टाकायचे सक्तीचे पैसे १०० आणि २००. मी बटणावर (शेवटी खेळणाऱ्याची जागा), हातात किलवर एक्का आणि चौकट राणी. मी ७०० केले. बिग ब्लाइंडवरच्या, म्हणजे सक्तीचे २०० टाकलेल्या, एका काकांनी कॉल केला (माझ्याइतकेच पैसे टाकले), बाकी सगळे पॅक (पानं टाकून बाहेर). पॉट, म्हणजे मधली रक्कम, १५००.

फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं): बदाम राणी, बदाम नश्शी, इस्पिक चौकी. काकांचा चेक (काही न लावता पाळी पुढे), माझे १०००, त्यांचा कॉल. पॉट ३५००.

टर्न (चौथं पान): किलवर छक्की. पुन्हा चेक, माझे २५००, पुन्हा कॉल. पॉट ८५००.

रिव्हर (पाचवं, शेवटचं पान): बदाम दुर्री. आणि आतापर्यंत चेक करणाऱ्या काकांनी स्वतःहून ६००० लावले.

काका साठीच्या आसपासचे, मनमोकळे, सगळ्यांशी गप्पा मारत खेळणारे. दुर्री पडल्यावर त्यांनी स्वतःची पानं उचलून बघितली नाहीत. थोडं थांबले आणि चिप्स पुढे केल्या. त्या वेळी त्यांची बोटं स्पष्ट थरथरत होती, इतकी की वरची चिप घसरून खाली पडली. मग हात मागे घेतला. शेजारच्यानं जेवणाबद्दल काहीतरी विचारलं, तर मान वळवून त्याला नीट उत्तरही दिलं.

मी पॅक केलं. त्यांनी पानं न दाखवता डीलरकडे सरकवली. माझा मित्र त्याच टेबलावर होता. त्याचं ठाम मत, हात थरथरला म्हणजे माणूस घाबरलेला होता, म्हणजे ब्लफ, हातात काही नसताना लावलेले पैसे. मला तसं वाटलं नाही, पण का वाटलं नाही हे सांगताही येत नाही. जाणकारांनी सांगावं.

अंशछेद

आधी आकडे मांडून घेऊ, म्हणजे हात बघायची गरज नेमकी कुठं पडते ते दिसेल.

तुम्हाला ६००० टाकायचे होते आणि तुमच्या कॉलनंतर पॉट २०५०० झाला असता. ६००० भागिले २०५००, म्हणजे २९ टक्क्यांच्या आसपास. दहा वेळांतून तीन वेळा तुमची राणीची जोडी पुढे असेल तर कॉल परवडतो.

आता काकांकडे काय असू शकतं? बदामाची तीन पानं टेबलावर, म्हणजे हातात असण्यासारखी बदामाची दहा पानं उरतात. त्यांतून दोन-दोन पानांच्या जोड्या होतात ४५. पण सगळ्याच जोड्या घेऊन कोणी ७०० चा कॉल करत नाही. समजा २५ जोड्यांवर करतात, तर ते २५ फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं). ब्लफ कशाचा? राणी-नश्शीच्या फ्लॉपवर गुलाम-दश्शी घेऊन दोन कॉल करणारे पुष्कळ असतात. राजा किंवा अठ्ठी आली की सीक्वेन्स (ओळीनं पाच पानं), आणि इथं दोन्हीपैकी काही आलं नाही. गुलाम-दश्शीच्या १६ जोड्या होतात, त्यातली दोन्ही बदामाची म्हणजे पुन्हा फ्लशच, ती काढली की राहिल्या १५.

हिशेब असा येतो की या पंधरापैकी निदान अकरा जोड्यांवर काका ब्लफ करत असतील तर कॉल बरोबर, त्याहून कमी करत असतील तर पॅक बरोबर. गप्पा मारत, चेक-कॉल करत खेळणारा साठीचा माणूस गुलाम-दश्शी हुकल्यावर दर चारातून तीन वेळा ६००० फेकतो का? मला नाही वाटत. पण हे कुठल्याही सूत्रातून निघत नाही. इथून पुढं माणूस बघावाच लागतो.

बांद्याचा डीलर

मी बांद्याचा. पणजीच्या बोटींवर बरीच वर्षं पानं वाटली, आता ते काम सोडलंय. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण या विषयावर बोलायची मला त्या खुर्चीत बसून कधी मुभाच नव्हती. डाव चालू असताना डीलरनं एक अक्षर बोलायचं नसतं, भुवईसुद्धा हलवायची नसते.

पण डीलर बघतो. आणि तो चेहरे बघत नाही, हात बघतो. तेच त्याचं काम: चिप्स रेषेच्या पुढे आल्या का, कोणी पान मांडीवर तर नेलं नाही ना, पाळी सोडून कोण पुढं सरकतंय. रात्रभर तुम्ही फक्त हातच बघत राहिलात की काही दिवसांनी ते हात बोलायला लागतात.

तुमच्या मित्राचं म्हणणं बहुतेक नव्या खेळाडूंना पटतं, पण मी जे पाहिलं ते उलटं आहे. थरथरणारा हात हा बहुतेक वेळा मोठ्या पानांचा हात. का, ते सांगतो. ज्याला एका पानाची वाट असते तो दोन फेऱ्या जीव मुठीत धरून बसलेला असतो. पान आलं की आतला ताण एकदम सुटतो, आणि तो सुटताना बोटांतून बाहेर पडतो. ते त्याला थांबवता येत नाही आणि खोटंही करता येत नाही. ब्लफ करणाऱ्याचा ताण मात्र सुटलेला नसतो, तो ऐन भरात असतो. म्हणून तो स्वतःला आवळून धरतो. चिप्स लावल्यानंतर हात जिथं असेल तिथं राहतो, श्वास वरच्यावर, पापणी हलत नाही. शेजारच्यानं जेवणाचं विचारलं तर तो मान वळवत नाही, "हं" म्हणतो, नाहीतर ऐकतच नाही. तुमच्या काकांनी मान वळवून उत्तर दिलं. माझ्या दृष्टीनं ते थरथरण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

तिसरी गोष्ट तुम्ही स्वतः लिहिलीत आणि पुढं निघून गेलात. तिसरं बदाम पडल्यावर त्यांनी पानं पुन्हा बघितली नाहीत. दोन वेगळ्या चिन्हांची पानं घेतलेल्या माणसाला आकडे लक्षात राहतात, चिन्हं राहत नाहीत. तिसरं बदाम पडलं की तो हळूच कोपरा उचलून बघतो, आपल्यातलं एखादं बदाम आहे का. ज्याच्याकडे दोन्ही बदाम आहेत त्याला बघायची गरजच नसते, तो फ्लॉपपासून तेच घोकत असतो. एकट्या या गोष्टीवर मी कधी निर्णय घेणार नाही. पण न बघणं, बोटं थरथरणं आणि नंतर मोकळं बोलणं, तिन्ही एकाच डावात एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पॅक करणंच शहाणपणाचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे न बघता कुठलीच खूण वाचू नये. पाण्याचा ग्लास उचलताना काकांचा हात थरथरत होता का? वेटरनं पुढं केलेल्या कागदावर सही करताना? चिप्सच्या चळती रचताना? काही लोकांचा हात वयामुळे थरथरतो, काहींचा औषधांमुळे, काहींचा पहाटेपर्यंत घेतलेल्या दारूमुळे. बोटीवरचा एसी इतका थंड असतो की बारीक माणसाची बोटं नुसती गारठूनसुद्धा हलतात. आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर बसलेल्या मुलाचा हात प्रत्येक डावाला थरथरतो, एक्क्यांची जोडी असो वा दुर्री-सत्ती. अशांच्या थरथरीला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात पडलेल्या फरकाला. म्हणून पहिला अर्धा तास कमी डाव खेळा आणि लोक पाणी कसं पितात ते बघा, मी खरोखर सांगतो.

बाकी मी पाहिलेलं थोडं सांगतो.

फ्लॉप उघडताना सगळे पानांकडे बघतात. तुम्ही माणसांकडे बघा, पानं नंतरही तिथंच असतात. ज्याला फ्लॉप लागला तो बऱ्याचदा क्षणभर स्वतःच्या चिप्सकडे बघतो आणि लगेच दुसरीकडे, टीव्हीकडे वगैरे. त्याच्या मनात लावायचं सुरू झालेलं असतं. ज्याला लागला नाही तो फ्लॉपकडेच बघत राहतो, काहीतरी जुळेल म्हणून.

मोठा सुस्कारा, खांदे उडवणं, "आता काय, आलोच आहोत तर लावतो" असं म्हणून रेज (आधीच्यापेक्षा जास्त लावणं). अशा वेळी एका जोडीनं कॉल करू नका.

तुम्ही चिप्सला हात घालताच समोरच्यानं घाईनं स्वतःच्या चिप्स उचलल्या, तर त्याला तुम्ही लावायला नको आहात. ज्याला तुमचे पैसे पॉटमध्ये हवे आहेत तो तुमच्या मध्ये येणार नाही, निवांत बसेल.

फ्लॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत केलेला कॉल. फार चांगली पानं असती तर रेज करू का या विचारात दोन क्षण गेले असते. वाईट असती तर पॅक करू का यात गेले असते. दोन्ही विचार न येणारा माणूस मधल्या जोडीवर असतो किंवा एका पानाच्या शोधात. तुमच्या काकांनी फ्लॉपवर कॉल किती वेगानं केला होता, ते आठवलं तर लिहा.

आणि एक. आपल्याकडे पोकरला येणाऱ्यांतले पुष्कळजण तीन पत्तीतून आलेले असतात, दिवाळीत नाहीतर गणपतीच्या जागरणात शिकलेले. त्या खेळात ब्लाइंड चाल मोठ्यानं करायची, आवाज करायचा, समोरच्याला पळवायचा, ही सवय असते. ही मंडळी टेबलावर आवाज करतात म्हणून ती ब्लफ करतात असं समजू नका, तो त्यांचा रोजचा आवाज आहे. ती एकदम गप्प झाली की सावध व्हायचं.

सॅनहोजेकर

मी इथं कॅलिफोर्नियातल्या कार्डरूममध्ये खेळतो. डीलरसाहेबांनी चेहरा सोडून हात बघायला सांगितलं त्याला संशोधनाचा आधार आहे, म्हणून लिहितो.

मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या चिप्स लावतानाच्या चित्रफिती घेतल्या आणि विद्यार्थ्यांना विचारलं, या खेळाडूची पानं किती चांगली असतील? काहींना पूर्ण शरीर दाखवलं, काहींना फक्त चेहरा, काहींना फक्त हात. पूर्ण शरीर बघणाऱ्यांचा अंदाज नाणं उडवून ठरवल्यापेक्षा बरा नव्हता. फक्त चेहरा बघणारे त्याहूनही चुकले, म्हणजे चेहऱ्यानं त्यांना फसवलं. फक्त हात बघणाऱ्यांचा अंदाज मात्र योग्य दिशेला गेला. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

पण इथंच माझी एक शंका आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की हालचाल जितकी सहज आणि आत्मविश्वासाची वाटली तितकी पानं चांगली होती. मग काकांची चिप घसरली ती सहज हालचाल म्हणायची का? त्या हिशेबानं मित्राचं बरोबर ठरत नाही का?

आवळून धरण्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. २००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटचा, म्हणजे मुख्य स्पर्धेचा, शेवट आठवा. ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, ऑनलाइन सॅटेलाइटमधून (पात्रता स्पर्धेतून) आलेला, आणि समोर सॅमी फरहा, मुरलेला व्यावसायिक. मनीमेकरकडे राजा-सत्ती, फ्लशही हुकला आणि सीक्वेन्सही, आणि रिव्हरला त्यानं ऑल इन केलं, सगळ्या चिप्स लावल्या. फरहाकडे नश्शीची जोडी होती, त्या टेबलावर पुरेशी. फरहा त्याच्याशी बोलत राहिला, फ्लश हुकला का असं तोंडावर विचारलं. मनीमेकर टोपी आणि काळ्या चष्म्याआड तसाच बसून राहिला, हलला नाही, बोलला नाही. फरहानं पॅक केलं. पंचवीस लाख डॉलरचं पहिलं बक्षीस पुढं मनीमेकरकडे गेलं. फरहाच्या मनात बरोबर संशय आला होता, पण तो निर्णयापर्यंत पोचला नाही. मला त्या चित्रफितीत दरवेळी हेच जाणवतं की खूण दिसणं ही अर्धीच गोष्ट आहे, तिच्यावर पैसे लावायची हिंमत ही दुसरी अर्धी.

इस्पिकराणी

डीलरदादांनी नेहमीच्या वागण्यातला फरक बघायला सांगितलं, त्यात एक भर घालते. तो फरक तुमच्याशी वागतानाचा बघा.

मी ज्या टेबलावर बसते तिथं बहुतेक वेळा मी एकटीच बाई असते. एखादा माणूस इतर सात जणांशी जसा खेळतो तसा माझ्याशी खेळत नाही. कोणी माझ्याविरुद्ध जास्त ब्लफ करतो, कारण त्याला वाटतं बाई घाबरून पॅक करेल. कोणी माझ्याविरुद्ध ब्लफ करतच नाही, कारण बाईनं पकडलं तर त्याला ते सहन होणार नाही. इतरांशी बडबड करणारा माझ्या डावात एकदम "मॅडम, मॅडम" करत मऊ होतो, आणि तो मऊपणा चांगल्या पानांवर जास्त येतो, हा माझा अनुभव आहे. तेव्हा काका इतरांशी कसे वागतात हे बघून पुरत नाही. तरुण मुलाशी, अनोळखी माणसाशी, आधी ज्याच्याकडून हरले त्याच्याशी ते कसे वागतात, हे वेगवेगळं बघावं लागतं.

तिर्रीपंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. अंशछेद, गुलाम-दश्शीच्या जोड्या मोजायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डाव आता वेगळाच दिसायला लागला.

डीलरदादा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: ग्लास उचलताना हात थरथरत नव्हता, हे नक्की. त्याआधी बराच वेळ ते गप्पा मारता मारता चिप्सच्या चळती एका हातानं पिसत होते, दोन चळतींची एक करायची ती युक्ती, आणि एकही चिप सांडली नव्हती. फ्लॉपवर कॉल अगदी पटकन केला होता. टर्नवर थोडा वेळ घेतला.

आता सॅनहोजेकरांच्या शंकेचं काय?

बांद्याचा डीलर

मग माझ्या मनात शंका उरत नाही. एका हातानं चिप्स पिसणाऱ्याची चिप सांडते म्हणजे त्याच्या हातात काहीतरी वेगळं घडलंय. फ्लॉपवर पटकन कॉल म्हणजे बहुधा शोधात होते. तो शोध गुलाम-दश्शीचाही असू शकतो, हे अंशछेद यांनी दाखवलंच आहे, म्हणून नुसता पटकन कॉल पुरत नाही. पण हुकलेल्या गुलाम-दश्शीवर ६००० लावलेला माणूस शेजारच्याला जेवणाचं सांगत बसत नाही.

सॅनहोजेकर, शंका चांगली आहे. मी तो अभ्यास वाचलेला नाही, तुम्ही लिहिलंत त्यावरून बोलतो. वर्ल्ड सिरीजमध्ये मोठ्या फीचे सामने खेळणारे लोक आणि आमच्या १००-२००च्या टेबलावरचे काका यांत फरक आहे. मुरलेल्या खेळाडूची बोटं मोठ्या पानांवर थरथरत नाहीत, त्यानं ती पानं हजारदा पाहिलेली असतात. त्याच्या बाबतीत हात किती सहज गेला हेच बघायचं. दुसरं, सहजपणा दंडाचा आणि थर बोटांचा. काकांचा हात थांबत थांबत गेला का, मध्येच मागे आला का? तुम्ही लिहिलंय, थोडं थांबले आणि चिप्स पुढे केल्या. निर्णय झालेला होता, फक्त बोटं ऐकत नव्हती. ब्लफमध्ये मी उलटं पाहिलंय: बोटं घट्ट, पण हात अर्ध्यावर रेंगाळतो, किंवा मग चिप्स जोरात आपटल्या जातात.

इस्पिकराणी यांचं म्हणणं मी डीलरच्या खुर्चीतून पुष्कळदा पाहिलंय आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं इतकं खरं आहे.

आता तुम्हाला कामाचं एक शेवटचं, कारण तुम्ही ऑनलाइनवरून आला आहात. तिथं पानं आली की लगेच दिसतात, म्हणून तुमच्यासारखे लोक इथंही पानं पडताक्षणी उचलतात. उचलू नका. आपली पाळी येईपर्यंत पानं टेबलावर पालथी राहू द्या आणि तेवढ्या वेळात डावीकडे बघा. तुमच्यानंतर खेळणाऱ्यांपैकी ज्याला पॅक करायचंय त्याची पानं आधीच हातात असतात, मनगट डीलरकडे वळलेलं असतं. ज्याला खेळायचंय तो पानं टेबलावर ठेवून वर चिप ठेवतो आणि सरळ बसतो. तुम्ही बटणाच्या दोन घरं आधी बसला आहात आणि डावीकडच्या दोघांची मनगटं वळलेली दिसली, तर ते बटण तुमचंच समजा आणि त्या जागेवरून जितकी पानं खेळता त्याहून जास्त पानांवर रेज करा.